बंदी न घालता बंद पडलेले साप्ताहिक : क्रोएशियातील ‘फेरल ट्रिब्यून’चे प्रकरण

जून 2008 मध्ये क्रोएशियाच्या दाल्मात्सिया किनाऱ्यावरील स्प्लिट शहरातून निघणाऱ्या ‘फेरल ट्रिब्यून’ या साप्ताहिकाचा शेवटचा अंक विक्रीला आला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत या साप्ताहिकावर बंदी घालणारा एकही सरकारी हुकूम निघाला नव्हता. कोणताही अंक छापण्यापूर्वी तपासणीसाठी कोणापुढे ठेवावा लागला नव्हता. 1990 साली स्वीकारलेल्या क्रोएशियाच्या राज्यघटनेतील 38 वे कलम मुद्रणस्वातंत्र्याची हमी देते आणि पूर्वतपासणीला स्पष्ट शब्दांत मनाई करते. या कलमाचा अक्षरार्थ अखेरपर्यंत पाळला गेला. तरीही संपादकाला सैन्यात धाडणे, विक्रीवर अश्लील साहित्याचा कर बसवणे, राष्ट्राध्यक्षांच्या अवमानाचा फौजदारी खटला भरणे, विक्रीचे पैसे अडकून पडणे आणि मानहानीच्या दाव्यांचा ढीग साचणे, हे सारे याच पंधरा वर्षांत घडले. यातले प्रत्येक साधन कायद्याच्या चौकटीतले होते, किंवा निदान तसे दाखवता येण्याजोगे होते. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. बंदीचा हुकूम निघाला तर त्याला आव्हान देता येते. कर, भरती आणि थकबाकी यांना आव्हान द्यायचे तर आधी ते शस्त्र म्हणून वापरले जात आहेत हे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध होईपर्यंत छापखान्याचे बिल थांबत नाही.

मूळ वृत्तपत्राची मालकी

‘फेरल’ची सुरुवात स्वतंत्र नियतकालिक म्हणून झाली नाही. 1980 च्या दशकात विक्टर इवानचिच, प्रेद्राग लुत्सिच आणि बोरिस देझुलोविच हे तीन तरुण पत्रकार स्प्लिटच्या वृत्तपत्रांतून विनोदी पुरवणी काढत असत. तिघांच्या नावांतली अक्षरे जोडून त्यांनी ‘विवा लुदेझ’ अशी सामाईक सही तयार केली होती. ही पुरवणी पुढे ‘स्लोबोद्ना दाल्मात्सिया’ या दैनिकात येऊ लागली. या दैनिकाचा जन्म 1943 च्या जूनमध्ये, इटालियन ताब्याच्या काळात, स्प्लिटजवळच्या मोसोर डोंगरावर पार्टिझान (फॅसिस्टविरोधी गनिमी) सैनिकांच्या छावणीत झाला होता. 1980 च्या दशकात योश्को कुलुशिच यांच्या संपादकत्वाखाली ते युगोस्लाव्हियातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या आणि सर्वाधिक मोकळेपणाने लिहिणाऱ्या दैनिकांपैकी एक झाले.

पुढचे समजण्यासाठी मालकीची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. समाजवादी युगोस्लाव्हियात कारखाने आणि वृत्तपत्रे कागदोपत्री सरकारच्या मालकीची नव्हती, खाजगीही नव्हती. ती ‘सामाजिक मालकी’ची होती आणि कारभार कामगारांच्या मंडळांकडे असे. क्रोएशिया युगोस्लाव्हियातून वेगळा होत असताना, 1991 च्या कायद्याने या मालकीचे रूपांतर सुरू झाले. आस्थापनाचे मूल्य ठरवायचे, कर्मचाऱ्यांनी काही भाग विकत घ्यायचे, आणि उरलेला हिस्सा सरकारी निधीकडे किंवा खरेदीदाराकडे जायचा, अशी ही योजना होती. कल्पना म्हणून ती वाईट नव्हती. मात्र मूल्य कोणी ठरवायचे, कर्मचाऱ्यांची खरेदी वैध की अवैध हे कोणी सांगायचे आणि संचालक मंडळ कोणी नेमायचे, हे अधिकार सरकारी यंत्रणेकडे राहिल्यामुळे, राजकीयदृष्ट्या महत्त्वाच्या प्रत्येक आस्थापनाची किल्ली सत्ताधारी पक्षाच्या हाती आली. राष्ट्राध्यक्ष फ्रान्यो तुज्मन यांचा ‘क्रोएशियन लोकशाही संघ’ हा पक्ष 1990 पासून सत्तेवर होता आणि सरकारी दूरचित्रवाणी त्याच्या ताब्यात होती. स्वतंत्र बाण्याने लिहिणारे झाग्रेबचे ‘दानास’ हे साप्ताहिक 1992 मध्ये बंद पडले. मोठ्या खपाच्या दैनिकांपैकी सरकारच्या पकडीबाहेर उरलेल्या नावांत ‘स्लोबोद्ना दाल्मात्सिया’ ठळक होते.

1993 च्या वसंतात या दैनिकाचे नियंत्रण सत्ताधाऱ्यांच्या जवळचे उद्योजक मिरोस्लाव कुत्ले यांच्या हाती गेले. पत्रकारांनी संप केला. स्प्लिटच्या वाचकांना तेव्हा हा एका कंपनीतला वाद वाटला नसावा, कारण या शहरात सकाळचा पेपर आणि गल्लीतली गप्पाष्टके ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. संप टिकला नाही, पण ‘फेरल’च्या तिघांनी नव्या मालकाच्या वृत्तपत्रात पुरवणी काढण्यास नकार दिला आणि 1 जून 1993 रोजी ‘फेरल ट्रिब्यून’चा पहिला स्वतंत्र अंक आला. नाव पॅरिसहून निघणाऱ्या ‘हेराल्ड ट्रिब्यून’वरून घेतलेले होते, पण त्यात एक स्थानिक शब्दखेळही होता. दाल्मात्सियाच्या बोलीत ‘फेरल’ म्हणजे कोळ्यांच्या होडीवर रात्री मासे आकर्षित करण्यासाठी लावलेला दिवा.

साप्ताहिकाचे स्वरूप

‘फेरल’ला नुसते विनोदी साप्ताहिक म्हणणे अपुरे आहे. त्याच्या मुखपृष्ठावर दोन-तीन छायाचित्रे जोडून तयार केलेले व्यंगचित्र असे. आत अव्वल दर्जाचे शोधलेखन असे, आणि शेवटी राजकारण्यांची स्वतःचीच विधाने, एकही शब्द न बदलता, नुसती एकाखाली एक मांडलेली असत. स्प्लिटमधल्या एका शाळकरी मुलाच्या वहीतल्या नोंदी या स्वरूपात इवानचिच जे सदर लिहीत, त्यात युगोस्लाव्हिया फुटताना सुरू झालेले युद्ध घरातल्या जेवणाच्या टेबलावर कसे उतरले होते हे दिसे. ‘क्रोएशियन अराजकवादी, निषेधक आणि पाखंडी यांचे साप्ताहिक’ असे घोषवाक्य नावाजवळ छापलेले असे. साधारण 47 लाख लोकसंख्येच्या देशात आणि युद्धाच्या काळात त्याचा खप पन्नास हजारांच्या घरात पोहोचला. जाहिराती मात्र जवळपास नव्हत्या. सरकारी मालकीच्या कंपन्या देत नव्हत्या, आणि सरकारशी व्यवहार असणाऱ्या खाजगी कंपन्यांनाही ‘फेरल’च्या पानावर आपले नाव नको होते. प्रकरणाचा बराच भाग या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो. साप्ताहिकाचे उत्पन्न म्हणजे टपरीवर विकल्या गेलेल्या प्रत्येक अंकाचे पैसे, आणि काही काळ मुक्त समाजासाठी काम करणाऱ्या परदेशी संस्थांचे साह्य. सोरोस यांच्या संस्थेकडून मदत घेतल्यावरून सरकारी माध्यमांनी ‘फेरल’ला परकीयांचे हस्तक ठरवले, पण देशातल्या बाजारातून जाहिरात मिळत नसलेल्या वृत्तपत्राने पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न आरोप करणाऱ्यांपैकी कोणी विचारला नाही.

मुखपृष्ठ आणि भरतीची चिठ्ठी

1993 च्या अखेरीस ‘फेरल’च्या मुखपृष्ठावर तुज्मन आणि सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांना एकाच बिछान्यात उघडे दाखवणारे छायाचित्र-संयोजन आले. सोबतच्या ओळीचा अर्थ होता : ‘यासाठीच लढलो का आपण?’ मराठी वाचकाला हे नुसते ग्राम्य वाटू शकेल, म्हणून त्याचा संदर्भ सांगणे आवश्यक आहे. मार्च 1991 मध्ये कारादोर्देवो येथे हे दोन नेते भेटले होते आणि बोस्नियाची वाटणी करण्यावर तिथे बोलणे झाले, असा समज तेव्हापासून पसरला होता. 1993 मध्ये बोस्नियात क्रोएट आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) सैन्ये एकमेकांशी लढत होती, मोस्तार शहर दुभंगले होते, आणि जे कालपर्यंत मित्र होते त्यांच्यावर क्रोएशियाच्या पाठिंब्याने गोळ्या झाडल्या जात होत्या. मुखपृष्ठाने दोन पुरुषांची टवाळी केली असे दिसत असले, तरी प्रत्यक्षात ते युद्धनीतीवरचा आरोप होते. ज्याच्याशी आपले मुलगे लढत आहेत, त्याच्याशीच आपला नेता तिसऱ्याच्या घराचा सौदा करतो आहे, असा तो आरोप होता.

त्याच हिवाळ्यात संपादक विक्टर इवानचिच यांना सैन्यभरतीची चिठ्ठी आली आणि त्यांना छावणीत दाखल व्हावे लागले. देश युद्धात होता आणि भरती सर्वांनाच होती, हे सरकारचे म्हणणे कागदावर बिनतोड होते. पण मुखपृष्ठ आणि भरती यांच्यातले अंतर इतके थोडे होते की देशात आणि बाहेर त्याचा अर्थ सर्वांना एकच लागला. निषेध झाला, इवानचिच परत आले आणि साप्ताहिक निघत राहिले. स्प्लिटच्या चौकात अंकांच्या प्रतीही जाळल्या गेल्या. प्रती जाळणाऱ्यांपेक्षा भरतीची चिठ्ठी मला अधिक गंभीर वाटते. जाळणाऱ्या माणसाचा राग दिसतो आणि त्याला उत्तर देता येते. चिठ्ठीवर केवळ शिक्का असतो.

पन्नास टक्क्यांचा कर

जुलै 1994 मध्ये ‘फेरल’वर 50 टक्के विक्रीकर लागू करण्यात आला. हा कर अश्लील प्रकाशनांसाठी होता. साप्ताहिकाची छायाचित्रे त्या वर्गात मोडतात, असे प्रशासनाने ठरवले. या निर्णयाचा हिशेब बारकाईने पाहावा, कारण या प्रकरणातील सर्वांत चतुर पाऊल हेच होते.

समजा, एका अंकाची किंमत दहा कुना (तेव्हाचे क्रोएशियन चलन) आहे. त्यातून टपरीवाल्याचे आणि वितरकाचे कमिशन जाते, कागद आणि छपाईचा खर्च जातो, न विकलेल्या प्रतींचा तोटा जातो. ज्या वृत्तपत्राला जाहिरातीचे उत्पन्न आहे ते हा खर्च जाहिरातीतून भरून काढते आणि विक्रीची किंमत कमी ठेवते. ‘फेरल’ला ती सोय नव्हती, उरलेल्या दोन-तीन कुनांवर कर्मचाऱ्यांचे पगार निघायचे. अशा वेळी विक्रीवर अर्धा कर आला की दोनच मार्ग उरतात. किंमत वाढवली तर युद्धामुळे आधीच हलाखीत असलेला वाचक दूर जातो, आणि न वाढवली तर प्रत्येक विकलेला अंक तोटा वाढवतो. खप जितका जास्त, तितका तोटा जास्त. याचा अर्थ लोकप्रियताच त्याच्याविरुद्ध वळवली गेली. जाहिरातीवर चालणाऱ्या नियतकालिकाला हाच कर जाचक ठरला असता, पण जीवघेणा नाही. ‘फेरल’साठी तो जवळजवळ मृत्युदंड होता. शिवाय या कराला बंदी म्हणता येत नव्हते. कोणी विचारले तर उत्तर तयार होते : अंक छापा, विका, फक्त कर भरा.

‘फेरल’ने घटनात्मक न्यायालयाकडे दाद मागितली, आणि मार्च 1995 मध्ये न्यायालयाने हा कर रद्द केला. आठ-नऊ महिने साप्ताहिकाने तग धरला तो वाचकांच्या आणि परदेशी मदतीच्या जोरावर. एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. ज्या देशात सत्ताधारी पक्षाकडे संसद, पोलीस आणि दूरचित्रवाणी होती, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सरकारविरुद्ध निकाल दिला. क्रोएशियाचे तेव्हाचे राज्य हुकूमशाही होते असे सरसकट म्हणणाऱ्यांना या निकालाचा हिशेब द्यावा लागतो, आणि ते पूर्ण लोकशाही होते असे म्हणणाऱ्यांना त्या आठ-नऊ महिन्यांचा.

‘मिक्सरमधील हाडे’

मार्च 1996 मध्ये संसदेने दंडसंहितेत दुरुस्ती केली. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, संसदेचे अध्यक्ष आणि दोन वरिष्ठ न्यायालयांचे अध्यक्ष, अशा पाच पदाधिकाऱ्यांचा अवमान किंवा बदनामी झाल्यास सरकारी वकिलाने स्वतःहून खटला भरावा, अशी ही तरतूद होती. एरवी अब्रुनुकसानीची फिर्याद ज्याची अब्रू गेली त्याने करायची असते आणि न्यायालयात हजर राहून नुकसान सिद्ध करायचे असते. नव्या तरतुदीने राष्ट्राध्यक्षांना न्यायालयाची पायरी चढावी न लागता त्यांच्या वतीने राज्ययंत्रणा फिर्यादी झाली.

महिनाभरातच, एप्रिल 1996 च्या अखेरीस, ‘फेरल’मध्ये मारिंको चुलिच यांचा ‘मिक्सरमधील हाडे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख आला. त्याचा विषय यासेनोवात्स होता. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या उस्ताशा राजवटीने 1941 ते 1945 या काळात यासेनोवात्स येथे छावणी चालवली, जिथे सर्ब, ज्यू, रोमा आणि राजवटविरोधी क्रोएट मारले गेले. आज यासेनोवात्स स्मृतिस्थळाच्या नामावलीत 83,145 बळींची नावे आहेत. तुज्मन यांनी सुचवले होते की, इथेच युद्धाच्या शेवटी मारल्या गेलेल्या उस्ताशा आणि इतर क्रोएट सैनिकांचे अवशेषही आणून पुरावेत, म्हणजे हे ठिकाण सर्वांच्या ‘राष्ट्रीय समेटाचे’ स्मारक होईल. यामागचा नमुना स्पेनमध्ये फ्रँकोने उभारलेल्या स्मारकाचा होता, जिथे यादवीतल्या दोन्ही बाजूंचे मृत एका डोंगराखाली पुरले आहेत. चुलिच यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा की, बळी आणि जल्लाद यांची हाडे एकत्र कालवल्याने समेट होत नाही, इतिहास पुसला जातो. आणि जो नेता हे करू पाहतो तो फ्रँकोच्या वाटेने चालला आहे.

सरकारी वकिलाने चुलिच आणि संपादक इवानचिच या दोघांवर खटला भरला. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. खुद्द तुज्मन यांना 1981 मध्ये कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाच्या न्यायालयाने परदेशी पत्रकारांना दिलेल्या मुलाखतींबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली होती. बोलल्याबद्दल तुरुंगात जाण्याचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. तरीही त्यांच्याच राजवटीत, त्यांच्याच नावाने, तितक्याच मुदतीची शिक्षा दोन पत्रकारांसमोर उभी राहिली. या प्रकरणात मला सर्वांत अधिक खिन्न करणारा तपशील हाच आहे.

झाग्रेबच्या न्यायालयात खटला चालला आणि 26 सप्टेंबर 1996 रोजी न्यायाधीश मारिन मर्चेला यांनी दोघांची निर्दोष मुक्तता केली. लेखातली मते कठोर होती, पण ती मते होती; राजकीय प्रस्तावावरचे मूल्यमापन म्हणजे अवमान नव्हे, असा या निकालाचा गाभा होता. त्या दिवसांत क्रोएशियाचा युरोप परिषदेतील प्रवेश प्रलंबित होता आणि नोव्हेंबर 1996 मध्ये तो झाला, हेही विसरता येत नाही. बाहेरून लक्ष ठेवले जात होते यामुळे न्यायाधीशाला बळ मिळाले असावे, असे मानणारे आहेत. माझ्या मते, बाहेरचे लक्ष नसतानाही निकाल लिहिणारा हात एकाच माणसाचा असतो आणि त्याचे श्रेय त्यालाच द्यायला हवे. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ही मुक्तता रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि प्रकरण लांबत गेले. निकाल लागला तरी खटला संपत नाही, ही जाणीव संपादकाच्या टेबलावर कायमची येऊन बसली. त्याच 1997 मध्ये न्यू यॉर्क येथील पत्रकार संरक्षण समितीने इवानचिच यांना आंतरराष्ट्रीय मुद्रणस्वातंत्र्य पुरस्कार दिला.

1996 च्याच नोव्हेंबरमध्ये झाग्रेबच्या ‘रेडिओ 101’ या लोकप्रिय केंद्राचा परवाना काढून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा 21 नोव्हेंबरच्या रात्री बान येलाचिच चौकात लाखाच्या आसपास लोक जमले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. तुज्मन त्या वेळी उपचारांसाठी देशाबाहेर होते. ‘फेरल’साठी असा जमाव कधी जमला नाही. रेडिओ सगळ्यांच्या स्वयंपाकघरात होता. ‘फेरल’ काही घरांत पोहोचत होते आणि काही घरांत त्याचे नाव काढणेही नको होते.

एका मारेकऱ्याची मुलाखत

1 सप्टेंबर 1997 रोजी ‘फेरल’ने मिरो बायरामोविच या माजी राखीव पोलिसाची मुलाखत छापली. त्याने 1991 च्या शरद ऋतूत पाक्राच्का पोल्याना आणि इतर ठिकाणी तोमिस्लाव मेर्चेप यांच्या तुकडीत असताना आपण स्वतः बहात्तर माणसे मारल्याचे सांगितले. मारलेल्यांमध्ये सर्ब नागरिक होते, स्त्रियाही होत्या. क्रोएशियात या मुलाखतीने जे घडले ते आधीच्या सर्व व्यंगचित्रांनी घडले नव्हते. तोपर्यंत ‘आपण बचावाचे युद्ध लढलो, आणि बचावात गुन्हे होत नाहीत’ अशी अधिकृत भूमिका होती. आता एक क्रोएट माणूस, आपल्या नावानिशी, एका क्रोएशियन साप्ताहिकात, उलट सांगत होता. बायरामोविच आणि त्याच्या काही साथीदारांना अटक झाली. पुढे मेर्चेप यांच्यावर खटला चालला तो बऱ्याच उशिरा. 2016 मध्ये त्यांना साडेपाच वर्षांची शिक्षा झाली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर नेली. वृत्तपत्राच्या एका पानापासून न्यायालयाच्या अंतिम निकालापर्यंत वीस वर्षे गेली.

अशा लेखनाचा धोका कागदी नव्हता. गोस्पिच येथे 1991 मध्ये झालेल्या हत्यांविषयी उघडपणे बोलणारे आणि युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेग येथील न्यायाधिकरणापुढे साक्ष देण्यास तयार झालेले माजी सैनिक मिलान लेवार ऑगस्ट 2000 मध्ये आपल्याच घराच्या अंगणात स्फोटात मारले गेले. गोस्पिचमधील त्या हत्यांबद्दल जनरल मिर्को नोरात्स यांना 2003 मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. ‘फेरल’च्या पत्रकारांना धमक्या येत होत्या, तरी त्यांच्या लेखनाच्या धारेत मला फरक जाणवत नाही.

टपरीपर्यंतची वाट

वितरणाविषयी थोडक्यात. क्रोएशियात वृत्तपत्रे मुख्यतः ‘टिसाक’ या कंपनीच्या टपऱ्यांवरून विकली जात आणि तेही नियंत्रण 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कुत्ले यांच्या हाती आले. वितरक आधी अंक घेतो, विकतो, मग पैसे देतो. कुत्ले यांचा उद्योगसमूह डगमगू लागला तसे हे पैसे प्रकाशकांना मिळेनासे झाले. ज्यांच्याकडे जाहिराती होत्या त्यांनी हा फटका सोसला. ‘फेरल’ला विकल्या गेलेल्या अंकाचे पैसेही वेळेवर मिळेनात, तेव्हा अडचण दुप्पट झाली. सत्ताबदलानंतर कुत्ले यांच्यावर आर्थिक गैरव्यवहाराचे खटले चालले, पण थकलेली रक्कम त्यामुळे परत येत नाही.

सत्ता बदलली तेव्हा

10 डिसेंबर 1999 रोजी तुज्मन यांचे निधन झाले आणि जानेवारी 2000 मधील निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. इविचा राचान यांचे आघाडी सरकार आले. ‘फेरल’चे दिवस आता बदलतील, अशी अपेक्षा होती. घडले उलटे. राजकीय दबाव सरला, मात्र जाहिरातदार परतले नाहीत. 1998 मध्ये सुरू झालेले ‘युतार्नी लिस्ट’ हे झाग्रेबचे दैनिक आणि ‘ग्लोबुस’, ‘नात्सियोनाल’ ही साप्ताहिके आता सरकारवर टीका करत होती. ज्या वाचकाला फक्त ‘वेगळे’ वाचायचे होते त्याला पर्याय मिळाला. 1998 पासून 22 टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला होता. ‘फेरल’वर मानहानीचे डझनावारी दिवाणी दावे होते. क्रोएशियाच्या कायद्यात ‘मानसिक यातना’ या सदराखाली नुकसानभरपाई मागता येते, आणि एखाद्या मंत्र्याला, उद्योजकाला किंवा अधिकाऱ्याला लेख वाचून किती यातना झाल्या, हे ठरवणारे मोजमाप न्यायालयाकडे नसते. एकेका दाव्याची रक्कम मोठी नसली तरी एकत्रित बोजा मोठा झाला. 2007 च्या जूनमध्ये मूल्यवर्धित कराच्या थकबाकीमुळे खाते गोठले आणि साप्ताहिक काही काळ थांबले. एका मोठ्या माध्यमसमूहाशी भागीदारीची बोलणी झाली, पण ती टिकली नाहीत. वर्षभराने शेवटचा अंक निघाला.

या शेवटाचा दोष केवळ तुज्मन यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. 1994 चा कर, 1996 चा खटला आणि 1997 ची मुलाखत छापण्याचा धोका या तिन्हींतून ‘फेरल’ वाचले, कारण प्रत्येक वेळी त्याच्यासमोर एक ओळखता येणारा प्रतिपक्ष होता आणि प्रत्येक वेळी एखादे न्यायालय, एखादा वाचकवर्ग किंवा एखादी बाहेरची संस्था पाठीशी उभी राहिली. 2008 मध्ये प्रतिपक्ष म्हणून बोट दाखवावे असे कोणी नव्हते. थकबाकी होती, कोणाची तरी मागणी होती, आणि वाचकांचा एक मोठा भाग असे मानू लागला होता की या साप्ताहिकाचे काम झाले, आता युरोपीय संघाकडे जायचे आहे आणि जुन्या जखमा कुरतडण्यात अर्थ नाही. मला हे मत मान्य नाही. मेर्चेप यांच्यावरचा खटला ‘फेरल’ बंद पडल्यानंतर सुरू झाला. जे काम 1997 मध्ये सुरू झाले ते 2008 मध्ये संपलेले नव्हते. पण बंद करणाऱ्याचे नाव सांगता येत नसले की बंद पडल्याचे दुःखही सार्वजनिक होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

‘स्लोबोद्ना दाल्मात्सिया’ मात्र टिकले. कुत्ले यांच्या काळातल्या कर्जानंतर ते सरकारच्या ताब्यात गेले, 2005 मध्ये ‘युरोपाप्रेस होल्डिंग’ या समूहाने विकत घेतले, आणि आज ते ‘हान्झा मीडिया’ या नावाने चालणाऱ्या त्याच समूहाचा भाग आहे. बाहेर पडून स्वतंत्र पत्र काढणाऱ्यांचे साप्ताहिक गेले, मूळ पत्र राहिले. प्रेद्राग लुत्सिच यांचे जानेवारी 2018 मध्ये निधन झाले. इवानचिच आणि देझुलोविच यांनी पुढे झाग्रेबच्या ‘नोवोस्ती’ या साप्ताहिकात लिहिले, जे क्रोएशियातील सर्ब अल्पसंख्याकांची राष्ट्रीय परिषद चालवते. बहुसंख्य समाजाच्या वाचकांसाठी सुरू झालेली ती लेखणी अल्पसंख्याकांच्या पानावर गेली. 1910 मध्ये स्थापन झालेली क्रोएशियन पत्रकार संघटना आज दरवर्षी प्रकाशकांवर आणि पत्रकारांवर सुरू असलेल्या दाव्यांची मोजणी करते. 2020 ते 2023 या वर्षांच्या मोजण्यांत ती संख्या नऊशेच्या वर होती.